आपल्याच माळावरची पोरं

लहानपणाच्या आठवणींची पुस्तकं मला भयंकर आवडतात आणि त्यातही ती आपल्या भागातली असली की मग विचारूच नका, गॅसवर दूध ठेवलेलं सुद्धा लक्षात राहत नाही. आपला भाग म्हणजे माझ्यासाठी जुना सातारा जिल्हा. माझं माहेर कराडजवळचं, सासर सांगलीत आणि सासूबाईंचं माहेर आटपाडीकडं. आज हे दोन जिल्ह्यांत वाटलं गेलंय, पण १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला तोवर वाळवा, तासगाव, खानापूर सगळं साताऱ्यातच होतं आणि मधेमधे औंध, सांगली, मिरज, फलटण अशी संस्थानं पसरलेली. दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं ते १९६० ला. हे आधी सांगते कारण जुन्या पुस्तकांत ‘सातारा जिल्हा’ आलं की आजचा नकाशा डोक्यात ठेवून वाचणाऱ्याचा घोळ होतो, वाटेगाव साताऱ्यात कसं, देवराष्ट्रे साताऱ्यात कसं असं होऊन बसतं.

गेली काही वर्षं मी ठरवून याच पट्ट्यातली पुस्तकं वाचतेय. आत्मचरित्रं, कादंबऱ्या, इतिहास, गडकिल्ले, रानावनातलं लिखाण, जे मिळेल ते. आणि वाचता वाचता एक गोष्ट पक्की झाली की ही पुस्तकं सुट्टी सुट्टी वाचायची नाहीत, शेजारी शेजारी ठेवून वाचायची. एक संपलं की दुसरं लगेच आणि मोबाईलवर मॅप उघडा ठेवून. कारण एकाच ओढ्याच्या, एकाच माळाच्या काठावर चार घरांतली चार पोरं वाढली आणि मोठी झाल्यावर चौघांनीही लिहिलं असं भाग्य फार थोड्या मुलखांच्या वाट्याला येतं, ते आपल्याला मिळालंय. एकाच पोराचं ऐकलं तर ओढा अर्धाच दिसतो.

सुरुवात मी ‘कृष्णाकाठ’पासून केली. यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र, १९८४ ला आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. पुढचे दोन भाग ‘सागरतळी’ आणि ‘यमुनाकाठ’ मनात होते, ते राहूनच गेले. लोक हे पुस्तक राजकारणासाठी वाचतात, पण मला विचाराल तर सुरुवातीची पानं सगळ्यात भारी आहेत. देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ, १२ मार्च १९१३ चा तिथलाच जन्म, गावाजवळनं वाहणारा सोनहिरा ओढा, वर सागरेश्वराचा डोंगर आणि देवळं. वडील लवकर गेले, प्लेगनं. विठाईनं पोरं वाढवली. मग कराड, कृष्णा-कोयनेचा संगम, टिळक हायस्कूल. वर्गात मास्तरांनी कोण कोण होणार विचारल्यावर बाकीच्यांनी मोठमोठ्या माणसांची नावं घेतली आणि या पोरानं मी यशवंतराव चव्हाण होणार म्हणून सांगितलं, हा किस्सा आमच्या कराडात प्रत्येक शाळेत सांगतात, मी पण तो पाचवीत ऐकला. पण मला जास्त लागला तो तुरुंगातला प्रसंग. १९३२ साली पोरगं जेलमध्ये, आई भेटायला येते, सोबत आलेले मास्तर माफीचं सुचवतात, आणि ती माऊली, जिला लिहायवाचायला येत नव्हतं, ती माफीला साफ नाही म्हणते. हे मी माझ्या आईला वाचून दाखवलं तर तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढं वाच म्हणाली.

देवराष्ट्र्याला तर अवश्य जा. सोनहिऱ्याचा परिसर आज ऊसानं भरलेला आहे. सागरेश्वरला १९८५ पासून अभयारण्य आहे, आणि त्याची गंमत अशी की ते देवानं दिलेलं जंगल नाही, उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून, राखून उभं केलेलं आहे. मोहित्यांच्या वडगावच्या धों. म. मोहित्यांनी त्यासाठी जन्म घातला. सांबर, चितळ, काळवीट तिथं बघायला मिळतात. मी पुस्तक घेऊनच गेले होते, देवळांच्या आवारात दगडावर बसून ती पहिली पानं परत वाचली. ज्या डोंगराबद्दल वाचतोय तोच समोर आहे, याची एक वेगळीच मजा असते, घरात सोफ्यावर ती येत नाही.

आता यशवंतरावांचं लहानपण गरिबीचं असलं तरी ते पाण्याच्या काठचं आहे. आणि इथनंच आपल्या भागाचं खरं कोडं सुरू होतं. महाबळेश्वरात वर्षाला ५५०० ते ६००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथनं सरळ रेषेत पूर्वेला माण-आटपाडीकडं गेलं की कसाबसा ५०० च्या आसपास. ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिकामे होतात आणि पुढं नुसतं वारं येतं. एका दिवसात गाडीनं आरपार जाता येईल एवढ्या मुलखात हे दोन टोकं. त्यामुळं कृष्णाकाठचं पोरगं आणि माणदेशातलं पोरगं यांची लहानपणं एकमेकाला ओळखूच येत नाहीत.

माणदेश म्हटलं की व्यंकटेश माडगूळकर. जन्म १९२७, गाव माडगूळ, आटपाडी तालुका, तेव्हा औंध संस्थानात. ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं, म्हणजे बघा बावीस वर्षांच्या पोरानं लिहिलंय ते. त्यातला झेल्या वाचून ज्याच्या पोटात कालवत नाही असा माणूस मी अजून पाहिला नाही. पण ‘बनगरवाडी’ हे मला वाटतं आपल्या सगळ्या भागाचं पुस्तक आहे. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, पोरं मेंढरांमागं गेलेली, शाळेत कोणी नाही, आणि हळूहळू तो वाडीचाच होऊन जातो. पत्र लिहून देणं, तालुक्यावरनं सामान आणणं, भांडणं मिटवणं सगळं त्याच्याच गळ्यात. मग सगळे मिळून तालीम बांधतात, औंधचे राजे उद्घाटनाला येतात.

ते राजे म्हणजे खरेखुरे भवानराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे एवढे भोक्ते की संस्थानच्या शाळांत तो सक्तीचा केला, औंधच्या टेकडीवर १९३८ ला म्युझियम उभारलं, ते आजही आहे आणि जाऊन बघण्यासारखं आहे. कादंबरीतलं संस्थान असं जिवंत पत्त्यावर सापडतं.

बनगरवाडीतली एक जागा मी किती वेळा वाचली असेल. शेकूबाकडं एकच बैल आहे. पेरणीचे दिवस, वाफसा आलाय, दुसरा बैल कोणी देत नाही, आणि त्याची बायको बैलाच्या शेजारी स्वतः जुवाला मान देते. माडगूळकर ते ओरडून सांगत नाहीत. एवढंच दाखवतात की औत चाललंय, एका बाजूला जनावर आहे आणि एका बाजूला बाई आहे. ते वाचताना आपल्याच खांद्यावर काहीतरी जड ठेवल्यासारखं होतं.

हा भाग मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, एका दुपारी वाचून दाखवला. त्या शेंगा फोडत बसलेल्या. हात थांबला त्यांचा. म्हणाल्या, “आगं, ह्यात खोटं काय हाय? आमच्यात तर दुष्काळात बाया सडकंच्या कामावर खडी फोडायला जायच्या. माझी आय जायची की. आन मी खालच्या आळीच्या आडावर रातीचं पाणी भरायला. दिसा पाणी वरच यायचं न्हाई, रातभर झिरपायचं, पहाटं वाटीनं खरडून भरायचं.” मी विचारलं, आई तुम्ही किती वर्षांच्या होता? “सात-आठ असंल. कळशी उचलत नव्हती म्हणून तांब्यानं भरायची.” लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, हे कधी निघालंच नव्हतं घरात. पुस्तकानं काढलं. त्या दिवसापासनं आई रोज संध्याकाळी स्वतःहून विचारतात, आज काय वाचायचं.

त्यानंतर आम्ही सगळे आटपाडीला गेलो, आई, मी, नवरा आणि पोरगं. आईंना माहेर बघायचं होतं आणि मला माळ. आणि मी सांगते, पुस्तकातला माळ शोधायला गेलात तर आता डोळे चोळावे लागतील. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्यानं वर चढवलंय आणि ते पाणी आटपाडीपर्यंत पोचलंय. डाळिंबाच्या बागाच्या बागा, ठिबकच्या नळ्या, शेततळी. कॅनॉलच्या कडेला आई बराच वेळ उभ्या राहिल्या. कराडची कृष्णा म्हणजे माझ्या माहेरची नदी, ती इथं त्यांच्या माहेरी आली होती. दोन्ही पुस्तकं त्या कॅनॉलवर भेटली म्हणायचं.

पण सगळा माळ गेलेला नाही. खरसुंडीच्या वाटेवर, जतच्या बाजूला अजून कुसळाचं गवत, बोरी, बाभळी, मधेच मेंढरांचा कळप आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर दिसतो. खरसुंडीला सिद्धनाथाच्या जत्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, तो एकदा तरी बघा. उंच, पांढरीशुभ्र, लांब शिंगांची खोंडं आणि त्यांच्याभोवती फिरणारे जाणकार, दात बघणारे, खूर बघणारे, पाठीवरनं हात फिरवून भाव ठरवणारे. माडगूळकरांची माणसं अजून तिथंच हिंडतायत असं वाटत राहतं.

माडगूळकरांचं रानातलं लिखाण वाचताना मला नेहमी वाटतं, की त्यांच्या नागझिऱ्याच्या जंगलाची मुळं या उघड्या माळावर आहेत. घनदाट झाडीत प्राणी दिसायला नशीब लागतं, माळावर मात्र नजर लागते. होला कुठं बसलाय, चितूर कुठल्या झुडपातनं उडणार, खोकडाचं बीळ ताजं आहे का जुनं, हे पोरपणी रामोशी-धनगरांच्या संगतीत शिकलेला माणूस पुढं जंगलात गेला, आधी बंदूक घेऊन आणि मग नुसती वही आणि पेन्सिल घेऊन. वानरांच्या टोळ्यांवरची ‘सत्तांतर’ ज्याला साहित्य अकादमी मिळालं ती त्याच नजरेची आहे. आमच्या पोराला मी हेच सांगते की वाघ बघायला ताडोबाला जायच्या आधी आपल्या बांधावरचा होला बघ, तो कसा चालतो ते वहीत काढ.

आता इथं थांबलं तर आटपाडीचं अर्धंच पुस्तक झालं. शंकरराव खरात त्याच आटपाडीचे. जन्म १९२१. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८१ चं. तराळ म्हणजे गावकीची कामं करणारा, सांगावे पोचवणारा, दवंडी देणारा, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढं धावणारा, रात्री-अपरात्री कधीही हाक आली की उठायचं. वडील ही कामं करतात आणि पोरगं बघतंय. तोच माळ, तेच ऊन, तोच दुष्काळ. पण माडगूळकरांच्या पोराला जो पार बसायला आहे तो खरातांच्या पोराला लांबनं बघायला आहे. पुढं हेच पोरगं वकील झालं, मराठवाडा विद्यापीठाचं कुलगुरू झालं, १९८४ ला जळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष झालं. ‘बनगरवाडी’ संपवून लगेच ‘तराळ-अंतराळ’ उघडलं तर एकाच गावाला दुसऱ्या वेशीनं शिरल्यासारखं होतं. मी म्हणेन दोन्ही वाचल्याशिवाय आटपाडी वाचली असं कुणी म्हणूच नये.

आणि पाण्याचं निघालंच आहे तर मसूरचं सांगायलाच पाहिजे. मसूर आमच्या माहेरापासनं जवळ, लग्नकार्याला, बाजाराला कितीदा जाणं झालंय. त्या मसूर स्टेशनवर १९०१ च्या उन्हाळ्यात काही पोरं रेल्वेतनं उतरली. साताऱ्यात राहणारा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची पोरं. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशिअर होते, तलाव खोदायचं काम चाललेलं, तिकडं त्यांना भेटायला निघालेली. नवे कपडे, भारी टोप्या, हौसेनं नटलेली. पहिल्यांदाच रेल्वेत बसलेली. न्यायला कुणी आलं नाही कारण पत्रच वडिलांपर्यंत पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला, मग पोरं महारांची आहेत कळल्यावर त्याचा चेहराच बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार, असं ठरलं. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी नाही. कुणी देईना. नाल्यातलं होतं ते शेणानं घाण झालेलं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, आम्ही मुसलमान आहोत असं सांगून मागितलं, तरी मिळालं नाही. उपाशी तशीच झोपली.

बाबासाहेबांनी हे मोठेपणी इंग्रजीत लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिजा’ नावाच्या छोट्याशा आत्मकथनात, महाराष्ट्र सरकारनं काढलेल्या त्यांच्या लेखनाच्या १२ व्या खंडात ते सापडेल. मोजकी पानं आहेत. कितीही जाड प्रवासवर्णनं वाचली असली तरी आपल्या जिल्ह्यातला हा प्रवास प्रत्येकानं वाचावा असं मला मनापासनं वाटतं. नऊ-दहा वर्षांच्या पोराची नजर आहे ती. भारी टोपी त्याला आठवते, नवे बूट आठवतात, आणि तहान आठवते. आता मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा बाटलीतलं पाणी पिताना मला ती गाडी आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव घातलं, ती शाळा साताऱ्यात आजही आहे आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पोराला घेऊन साताऱ्याला गेलो तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या आधी त्या शाळेवर गेलो.

फलटणकडची दोन पुस्तकं पण याच रांगेतली. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, १९८० चं, कैकाड्यांचं बिऱ्हाड गाढवांवर घालून गावोगाव फिरतंय, फोक आणायचे, टोपल्या विणायच्या, विकायच्या, गावाबाहेर पाल टाकायचं आणि त्यात बाप हट्टानं पोराला शाळेत घालतोय. गावातल्या पोराला शाळा म्हणजे एक इमारत, या पोराला दर मुक्कामाला नवी. आणि बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. लहानपण आजोळी वीरगावात, ते पुणे जिल्ह्यात, पण पुढचं सगळं आयुष्य फलटणला गेलं. छोटंसं दुकान चालवता चालवता त्या लिहीत राहिल्या आणि लिहिलेलं घरच्यांपासनं लपवून ठेवलं, कितीतरी वर्षं. १९८६ ला पुस्तक झालं. बायकांचं लहानपण, पोरीबाळींचं, सासुरवाशिणींचं, इतकं उघड कुणीच लिहिलं नव्हतं. हे मी आईंना वाचून दाखवायला घेतलं आणि काही पानांनंतर त्यांनी पुस्तक माझ्या हातातनं घेतलं, चष्मा लावला आणि अक्षर अक्षर लावत स्वतः वाचायला लागल्या. महिन्याभरानं संपवलं त्यांनी.

वारणेकडं वळलं की अण्णाभाऊ साठे. १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. शाळा जेमतेम दीड दिवस, पुढं बापाबरोबर पायी मुंबईला गेलेलं पोरगं. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. त्यातला दुष्काळ, जोगणीचा, म्हणजे दुसऱ्या गावची जत्रा पळवून आणण्याचा, तो सुरुवातीचा थरार, डोंगरातनं पळणारा घोडा, सगळं वारणेच्या खोऱ्यातलं. मला तर वाटतं अण्णाभाऊंचा निसर्ग पण तसाच लिहिलाय, दऱ्या-घळी-जंगलं तिथं शोभेला नाहीत, लपायला आहेत. कोकरूड-चांदोलीकडनं पावसाळ्यात एकदा गाडी घाला, पुस्तकातला अंधार कसा असेल ते कळतं.

हीच लपायची जागा पुढं प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथं लोकांनीच चालवलेल्या सरकारच्या, पोरांना पण उपयोगी पडली. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, आणि ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पैसा नेणारी रेल्वे अडवली. यातली बरीचशी पोरं विशीतली होती. आमच्याकडं या विषयावर छोट्या छोट्या पुस्तिका, स्मरणिका, गावच्या शताब्दीचे अंक असं बरंच निघतं, छपाई साधी, फोटो काळे पडलेले, पण मी ते कधी सोडत नाही. रद्दीच्या दुकानात, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात असलं काही दिसलं की उचलायचं. कुणाच्या घरात भाकरी पोचली, कुणी सायकलवर चिठ्ठ्या नेल्या हे मोठ्या इतिहासात येत नाही, तिथंच येतं.

मोठा इतिहास म्हणाल तर त्यातही सातारा घरचाच. ग्रँट डफ १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यात कंपनीचा माणूस म्हणून होता, इथली दप्तरं बघून त्यानं मराठ्यांचा इतिहास लिहिला, १८२६ ला छापला. त्यातल्या कितीतरी गोष्टी पुढं आपल्या अभ्यासकांनी खोडून काढल्या. आणि इतिहासकार वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या वेळची पत्रं सापडली ती वाईत, त्यावरच १८९८ ला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. विश्वकोशाचं काम पण वाईतच. हे जड वाचन मला सलग होत नाही, आणि व्हायची गरज पण नाही, गावाचं नाव आलं की तेवढं पान वाचायचं.

फिरायला जाताना मी वापरते ते मात्र वेगळंच पुस्तक, १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर. इंग्रजीत आहे, सरकारी साईटवर फुकट वाचायला मिळतं. गावं, नद्या, झाडं, पिकं, दुष्काळ आणि किल्ले, एकेका किल्ल्याची वाट, दरवाजे, पाण्याची टाकी सगळं मापासकट. साहेबाची भाषा कोरडी आहे, पण टाक्याजवळ उभं राहून टाक्याचं वर्णन वाचायला मला फार आवडतं. चंदन-वंदन, वैराटगड, कल्याणगड असे नेहमीच्या गर्दीबाहेरचे गड बघायला हे पुस्तक बेस्ट. बाणूरगडाला, म्हणजे भूपाळगडाला जाताना पण मी १६७९ चा प्रसंग वाचून गेले, दिलेरखानानं गड घेतला आणि सापडलेल्या माणसांचे हात तोडले तो. वर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. माथ्यावर झाड नाही, वारं मात्र एवढं की पुस्तकाची पानं धरवत नाहीत, आणि चहूकडं माणदेश. पोरगं समाधीजवळ बसून बराच वेळ प्रश्न विचारत होतं, हेरगिरी कशी करत असतील, एवढ्या उघड्या मुलखात लपत कुठं असतील. उत्तर देताना मला फकिराच आठवला.

कासच्या फुलांच्या पठाराचं सगळे सांगतात म्हणून थोडक्यात. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं तेव्हापासून गर्दी वाढली. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि सोबत फुलांचं चित्रांचं पुस्तक न्या. सीतेची आसवं, सोनकी, तेरडा हे लगेच ओळखू येतात, पण डबक्यातला वायतुरा शोधा. त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे, अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, ते वर्ष साधलं तर डोळ्याचं पारणं फिटतं.

आणि पोरांना पुस्तकांची गोडी लावायची असेल तर भिलारला न्या. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७ पासनं पुस्तकांचं गाव. कुणाच्या ओसरीवर इतिहास, कुणाच्या खोलीत बालसाहित्य, कुणाकडं निसर्ग-पर्यावरण. घरात शिरायचं, चपला काढायच्या, हवं ते पुस्तक घेऊन बसायचं, कुणी उठ म्हणत नाही. आमच्या पोरानं तिथं बालसाहित्याच्या घरात ठिय्या मारला आणि मी दोन घरं पलीकडं चरित्रांत, घरच्या बाईंनी दोनदा येऊन विचारलं, “ताई, चहा टाकू का?” शेवटी त्यांच्याशीच गप्पा झाल्या, त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात चार महिने घराला झडप बांधायचे, गवताच्या, तेव्हा आत कायम अंधार आणि चुलीचा धूर. हे कुठं लिहिलंय का विचारलं तर म्हणाल्या, आमचं कोण लिहिणार.

मला हेच कमी वाटतं. वर जेवढी पुस्तकं सांगितली त्यात बेबीताई सोडल्या तर सगळी पोरांची लहानपणं आहेत. पोरीचं माणदेश, पोरीचं जावळीचं खोरं, पोरीचा कृष्णाकाठ कुठं आहे? पोरं ओढ्यावर पोहत होती, रानात होले बघत होती तेव्हा त्यांच्या बहिणी पाणी भरत होत्या, शेण्या थापत होत्या, धाकट्याला कडेवर घेऊन हिंडत होत्या, त्यांनी पण तोच माळ बघितला, कदाचित जास्तच बघितला कारण सरपण आणायला लांब लांब त्याच जात होत्या. आईंना सरपणाच्या सगळ्या झाडांची नावं येतात, कुठलं लाकूड धूर करतं, कुठलं तडतडतं, कुठल्याचा निखारा रात्रभर टिकतो. हे मला एकाही पुस्तकात सापडलेलं नाही.

म्हणून मी आता मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि नंतर वहीत उतरवते, त्यांच्याच शब्दात, एकही शब्द शुद्ध न करता. सध्या आडाचं चाललंय. आड कुणी खणला, कुणाला वर चढायला होतं आणि कुणाला खालनं ओंजळ धरून उभं राहावं लागायचं, हे मी विचारलं तेव्हा त्या थोडं थांबल्या आणि मग सांगायला लागल्या. ते सगळं उतरवून झालं की भिलारच्या त्या बाईंना फोन करायचाय, झडपांचं विचारायला.